मॅडम, तुमची डबी आमच्याकडे राहिली आहे

पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

मेकअप मॅडम यांस,



पत्रास कारण की, आमच्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी निघण्याच्या गडबडीत तुमची पावडरची डबी मंगल कार्यालयातल्या नवरीच्या खोलीत राहून गेली. गोल, जाड तळाची, काळ्या झाकणाची. तीनदा फोन लावला, उचलला नाहीत. व्हॉट्सॲपवर डबीचा फोटो टाकला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर काही उमटलं नाही. तेव्हा म्हटलं, आता उघडंच पत्र लिहावं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्ही स्वतःच स्टेटसवर रोज लिहिता, त्यात माझी भर कशाला?

मी नवरीची आत्या. ओळख पटत नसेल तर खूण सांगते. ‘आंटी, जरा साइडला व्हा, लाइट अडतोय’ असं तुम्ही जिला म्हणालात, ती मीच. पुसेगावात माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी, मेंदीचे कोन, आणि दहा रुपयांच्या पुडीपासून पुढे पावडर. म्हणजे या भांडणात माझा स्वार्थ आहे. तो आधीच सांगून टाकते, मागाहून तुम्ही शोधत बसायला नको.

बोलणी झाली तेव्हा तुम्ही मोबाइलवर तीन पॅकेजं दाखवलीत. साधा मेकअप पाच हजार, एचडी अकरा हजार, एअरब्रश अठरा हजार. दादा साध्यावर बोट ठेवणार एवढ्यात तुम्ही हळूच म्हणालात, ‘साध्यात नवरी आणि करवली सारख्याच दिसतील बरं का.’ दादाचं बोट आपोआप खाली, एचडीवर सरकलं. मुलीच्या बापाचं बोट कसं सरकवायचं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? तिथली फी मात्र वसूल झाली तुमची. मग मी विचारलं, पावडर कोणती लावणार? तुम्ही माझ्या हातातल्या दुकानाच्या पिशवीकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘मी लोकल काहीच लावत नाही. सगळं इम्पोर्टेड.’

एचडी हा शब्द टीव्हीच्या हाय डेफिनिशन कॅमेऱ्यांमुळे मेकअपमध्ये आला. त्या कॅमेऱ्यात चेहऱ्याचं रंध्र न् रंध्र दिसू लागलं, म्हणून बारीक दळलेल्या, थर न दिसणाऱ्या पावडरी निघाल्या. स्टुडिओत एसी असतो, दिवे मोजून लावलेले असतात, दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन घाम टिपतं. आमच्याकडे मे महिना होता, पत्र्याचं कार्यालय होतं, दोन कूलर होते, त्यातल्या एकात पाणी नव्हतं. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, लग्न लागलं पावणेदोनला. लाइट गेली ती मंगलाष्टकं सुरू होताना, आणि जनरेटरवाला जेवायला बसलेला.

हे सगळं तुमच्या हातात नव्हतं, मान्य. तुमच्या हातात ब्रश होता. तुम्ही डबी उघडलीत, झाकणात पावडर झटकलीत, आणि कपाळ, नाक, डोळ्यांखाली, हनुवटी असा ब्रश फिरवलात. फोटोग्राफर पोरगं साधं, पण नजर तयार. पहिल्या दोन फ्लॅशनंतर त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं, पुन्हा नवरीकडे पाहिलं, पुन्हा पडद्यात पाहिलं. ‘मॅडम, पावडर थोडी झटकता का? तोंड पांढरं मारतंय.’ तुम्ही हसलात. ‘अरे, ही ट्रान्सल्युसंट आहे. ही दिसतच नसते.’

करिज्मा अल्बम परवा आला. जाड पानांचा, मखमली पेटीतला. पहिल्या पानावर भाची अंतरपाटाआड उभी आहे. मुंडावळ्या झकास, शालू झकास, मान तिच्या नेहमीच्या रंगाची, हात मेंदीचे. आणि मध्ये तोंड असं, की जणू रात्रभर पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ बसून ती थेट बोहल्यावर आली. डोळ्यांखाली दोन पांढऱ्या चंद्रकोरी. नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका. आमच्या आजी पान उलटताना म्हणाल्या, ‘पोरगी भ्याली का गं?’ बायोडाटात आम्ही ‘वर्ण : गव्हाळ’ असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही त्याचं दळून पीठच काढलंत.

तुमच्या समाधानासाठी सांगते, ही फजिती मोठ्या घरीही झालेली आहे. २०१४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका चित्रपटाच्या खेळाला अँजेलिना जोली आली, आणि फ्लॅश पडताच तिच्या नाकागालांवर पांढरे पट्टे उमटले. जगभर फोटो गेले. साध्या डोळ्यांना जी पावडर दिसत नाही ती फ्लॅशला दिसते. सिलिकाचे बारीक मणी आणि टायटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे कण समोरून आलेला उजेड जसाच्या तसा परत फेकतात. म्हणजे आमची भाची आणि अँजेलिना जोली एका पंगतीला बसल्या. अकरा हजारांत एवढं तर पाहिजेच!

आता डबीकडे वळते. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून मी तिच्या मागचा आयातदाराचा स्टिकर वाचला. वजन २९ ग्रॅम, किंमत ४,२०० रुपये. ग्रॅमला जवळपास १४५ रुपये पडले. हळदीला चांगला भाव असेल त्या दिवशी मोंढ्यात किलोभर हळद विकून जे पैसे येतात, तेवढ्यात तुमची ही ग्रॅमभर पावडर. नऊ महिने शेतात राबा, खणा, शिजवा, वाळवा, ढोलात घालून पॉलिश करा, आणि मग एक ग्रॅम. माझ्या दुकानातला कॉम्पॅक्ट ९ ग्रॅमचा, २२५ रुपयांना, म्हणजे ग्रॅमला २५. साध्या टाल्कम पावडरीचा डबा धरला तर ग्रॅमला रुपया-सव्वा रुपया.

मग घटकांची यादी वाचली. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटक छापतात, आणि जे जास्त ते आधी, असा क्रम असतो. तुमच्या डबीवर पहिलं नाव टाल्क. माझ्या कॉम्पॅक्टवर पहिलं नाव टाल्क. दहा रुपयांच्या पुडीवर पहिलं नाव, तुम्ही ओळखलंत, टाल्क. यालाच आपल्याकडे शंखजिरे म्हणतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मापात याचा नंबर पहिला, म्हणजे सर्वांत मऊ, नखानं ओरखडा निघेल इतकं. राजस्थानात त्याच्या खाणी आहेत. तेव्हा तुमच्या ‘इम्पोर्टेड’मधला मोठा वाटा ज्या दगडाचा, तो दगड आपल्या देशातही निघतो.

तरी मी न्याय करायचा ठरवला. एका रविवारी सकाळी दहा वाजता डाव्या गालाला तुमची पावडर लावली, उजव्याला माझा कॉम्पॅक्ट, आणि दुकानात बसले. खोटं सांगणार नाही. पहिले दीड-दोन तास डावा गाल जास्त गुळगुळीत दिसत होता. ओठाच्या कडेच्या सुरकुतीत पावडर जमली नाही, अत्तराचा भपका नव्हता, हात फिरवला तर रेशीम. महागात पैसे जातात ते इथे : दळण फार बारीक, कणांना असा लेप दिलेला की ते कातडीला धरून राहतात, आणि ते सिलिकाचे गोल मणी. उजवा गाल किंचित कोरडा होता. पण उजवा गाल माझ्या रंगाचा होता, मॅडम, कारण शेड मी निवडली होती. डाव्यावर राखेचा हलका हात फिरल्यासारखं दिसत होतं. बाजाराला आलेल्या एका बाईनं बांगड्या भरून घेता घेता विचारलं, ‘वहिनी, एका बाजूला तोंड धुवायचं राहिलं का?’ दुपारी दोनला घामानं दोन्ही गाल एकाच दावणीला बांधले. रुमालावर निघालेला माल सारखाच होता.

रंगाची ही भानगड काही तुम्ही सुरू केली नाही, हेही कबूल करते. पारदर्शक म्हणून जी पावडर विकतात ती गोऱ्या कातडीवर पारदर्शक असते, सावळीवर ती राख होते. परदेशातल्या बायांनी यावरून बराच आरडाओरडा केला, तेव्हा २०१७ मध्ये रिहाना या गायिकेच्या फेंटी ब्युटीनं फाउंडेशनच्या एकदम ४० छटा बाजारात आणल्या, आणि बाकीच्यांना आपल्या कपाटात डोकावावं लागलं. गव्हाळ आणि सावळ्या रंगासाठी पिवळसर पावडरही मिळते. तिचं नाव ‘बनाना पावडर’. हे वाचून मी दुकानात एकटीच हसले. वसमतपासून सेनगावपर्यंत हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यात बसून पिवळी पावडर मागवायची, तीही केळ्याच्या नावानं! निदान केळी पिकवणाऱ्या अर्धापूरवाल्यांना तरी बरं वाटेल.

आणि आदल्या दिवशीच भाचीला हळद लागली होती ना! अंगाखांद्यावर पिवळी झाक होती, साबणानं जाण्यातली ती नव्हती. त्या पिवळ्यावर तुम्ही गुलाबीसर पांढरं चढवलंत, म्हणून राख आणखी गडद झाली. रांगोळी काढणाऱ्या पोरीला जे कळतं, ते प्रमाणपत्रं फ्रेम करून लावणाऱ्या बाईला कळू नये? तुमच्या पेटीत पिवळसर डबीही होती. मी पाहिली, सील न तोडलेली.

माझी तक्रार किमतीवर नाही. पाच मिनिटं आधी मुलीला खिडकीशी नेलं असतंत, गळ्याशी पावडरीचं एक बोट ओढलं असतंत, फोटोग्राफरला म्हटलं असतंत, ‘बाबा, एक फ्लॅश मार बघू’, तर चार हजारांची डबीही चालली असती आणि माझी दोनशे पंचवीसचीही. तुम्ही डबी पाहिलीत, पोरीचं तोंड पाहिलंच नाहीत. तोंड पाहायचे पैसे आम्ही दिले होते.

‘लोकलनं स्किन खराब होते’ हेही वाक्य तुमचं. लोकल म्हणजे नक्की काय, ते एकदा ठरवू. लॅक्मे १९५२ मध्ये टाटांनी सुरू केली, परदेशी प्रसाधनांवर देशाचे पैसे जाऊ नयेत म्हणून. नाव घेतलं फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या ऑपेरातलं नाव आपल्या लक्ष्मीचं. लक्ष्मी पॅरिसला जाऊन नाव बदलून आली, तेव्हा कुठे आपल्या बायकांना ती परकी म्हणून आवडली. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, मुंबईच्या पाटणवालांनी अफगाण स्नो काढला. नावात काबूल, माल मुंबईचा. म्हणजे ‘इम्पोर्टेड’ची हौस तुमच्या डबीहून शंभर वर्षांनी वडील आहे.

आणि परदेशी म्हणाल, तर तिथेही एकाच आईच्या पोटी गरीब लेक आणि श्रीमंत लेक. लोरियालकडे लान्कोम १९६४ पासून आहे आणि मेबेलिन १९९६ पासून. एक काचेच्या शोकेसमध्ये बसते, एक माझ्यासारखीच्या दुकानात खिळ्याला लटकते. याच लोरियालचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. इटलीत इंटरकॉस नावाची कंपनी आहे, ती दुसऱ्यांच्या नावानं पावडरी आणि लिपस्टिका बनवून देते. डबीवरचं नाव एकाचं, घाणा दुसऱ्याचा. आमच्याकडे मसाल्याच्या पुड्यांचं असंच चालतं, फक्त आम्ही त्याला ‘लक्झरी’ म्हणत नाही.

स्वस्ताचं वकीलपत्रही मी घेतलेलं नाही. स्वस्तात काय काय विकलं गेलंय, ते माझ्या खिळ्यांनी पाहिलंय. १९७५ पासून ‘फेअर’ होण्याची ट्यूब गावोगाव गेली. २०२० मध्ये तिच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. गिऱ्हाइकं अजून जुन्याच नावानं मागतात, आणि मी देते. कोणत्या तोंडानं तुम्हाला शिकवू? पण अकोल्याची गोष्ट तुम्हीही वाचली असेल. २०२३ मध्ये बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींनी ब्युटीशियनकडून आणलेली गोरं होण्याची क्रीम लावली, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला, क्रीममध्ये पारा होता. अकोला म्हणजे आपल्या हिंगोलीच्या रेल्वे लाइनवरचं गाव. आणि महागानंही हेच केलंय. अठराव्या शतकात इंग्लंडातली कोव्हेंट्रीची काउंटेस शिशाचा सफेदा तोंडाला फासून १७६० मध्ये ऐन तारुण्यात मेली म्हणतात, ती तर उमरावाघरची, तिचा सफेदा काही दहा रुपयांचा नसणार. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे : ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती दुकानात ठेवायची नाही, मग ती देणारा कितीही कमिशन देवो. तुमच्या पेटीत बिनलेबलची एक पांढरी बाटली होती. ती काय होती, हे विचारायला मी सरसावले आणि तेव्हाच तुम्ही मला साइडला केलंत.

जगातली सर्वांत स्वस्त फेस पावडर कोणती, सांगू? बुक्का. इथून जवळच नर्सी नामदेव आहे, नामदेवांचं जन्मगाव. तिथं एकादशीला जा, दारातला म्हातारा चिमूटभर बुक्का कपाळाला लावील. एकच शेड, काळी. गोऱ्याला शोभते, सावळ्याला शोभते, घामानं ओघळली तरी कोणी नाक मुरडत नाही, आणि कुठल्याही फ्लॅशमध्ये पांढरी मारत नाही. पॅकेजात घ्यायला हरकत नाही. ‘वारकरी लुक’ म्हणून तीन हजार सहज मिळतील.

आता हिशेब. एका नवरीच्या तोंडाला या पावडरीचा एक ग्रॅम म्हणजे खूपच झाला. तुम्ही सढळ हातानं दोन लावलेत असं धरते, २९० रुपये. तुमचं येणंजाणं, मेहनत, खोट्या पापण्या, केसांचा अंबाडा (तो खरंच छान होता, हळदीकुंकवाला सगळ्यांनी विचारलं), असे धरून पाच हजार तुमचे. उरलेल्या सहा हजारांचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. दादा मागणार नाही, तो मुलीचा बाप आहे. भाची मागणार नाही. ती सासरी तो अल्बम कपाटाच्या वरच्या कप्प्यात, साड्यांच्या मागे ठेवून बसली आहे. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर तोंडाचा रंग थोडा उतरवून दिला, त्याचे बाराशे वेगळे घेतले. आता नवरी पांढरी दिसत नाही, थोडी जांभळी दिसते.

डबी घेऊन जायची असेल तर दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं. मात्र ती भरलेली मिळणार नाही, याबद्दल आधीच दिलगिरी. त्याचं असं झालं, सुट्टीत पोरं जमली होती आणि त्यांची बोरिक पावडर संपली. काउंटरवर तुमची डबी दिसली. मी जेवायला घरात गेले होते. परत आले तर कॅरम बोर्डावर चार हजार दोनशे रुपयांचं बर्फ पडलेलं, आणि माझा धाकटा भाचा डोळे विस्फारून सांगतोय, ‘आत्या, असला स्ट्रायकर आजवर कधी सरकला नव्हता!’ ते सिलिकाचे गोल मणी अखेर कामाला आले. मीही एक डाव बसले. पहिल्याच फटक्यात राणी गेली, कव्हर मात्र मिळालं नाही.

कळावे,

नवरीची आत्या